‘क’ आणि ‘के’ : नवजाताच्या रक्तस्रावाचा इतिहास व बुलढाणा जिल्हा

मराठी क्रमिक पुस्तकांतून शिकलेल्या विद्यार्थ्यास ‘क’ जीवनसत्त्व म्हटले की आवळा, लिंबू व पेरू आठवतात, आणि त्याच्या अभावी हिरड्यांतून रक्त येते हेही आठवते. त्याच विद्यार्थ्याने पुढे ‘के’ जीवनसत्त्वाच्या अभावी नवजात बालकास रक्तस्राव होतो असे वाचले, तर ही दोन्ही एकच वस्तू होय असा त्याचा समज होण्यात नवल नाही. वस्तुतः या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. पहिल्याच्या अभावी रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. दुसऱ्याच्या अभावी रक्त गोठण्याची क्रियाच अपुरी राहते. घोटाळा आहे तो अक्षराचा.

आपल्या भूमितीच्या पुस्तकांत त्रिकोण ‘अबक’ असतो आणि चौकोन ‘अबकड’. इंग्रजी वर्णमालेतील पहिली चार अक्षरे मराठीने या क्रमाने आपलीशी केली, आणि त्यात तिसऱ्या ‘सी’च्या जागी ‘क’ बसला. जीवनसत्त्वांची नावे मराठीत आली ती याच वाटेने. पुढे ज्याचा उच्चार खरोखरच ‘क’ने व्हावा असे जीवनसत्त्व आले, तेव्हा ती जागा अगोदरच भरलेली होती. परिणामी त्याला अक्षराऐवजी अक्षराचे इंग्रजी नाव, म्हणजे ‘के’, घेऊन राहावे लागले. ‘जीवनसत्त्व’ हा शब्द मात्र उत्तम साधला आहे. कासिमिर फुंक यांनी १९१२ साली योजलेल्या मूळ संज्ञेत ही सर्व द्रव्ये ‘अमाइन’ वर्गातील आहेत अशी चुकीची कल्पना गृहीत होती. मराठी शब्दाने ‘जीवन’ तेवढे घेतले आणि ती चूक टाळली.

योगायोग असा की, या द्रव्याच्या जन्मदात्यासमोरही रिकाम्या अक्षराचाच प्रश्न होता. कोपनहेगन येथील हेन्रिक डाम हे १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांना स्निग्धांशरहित खाद्य देऊन कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होते. पिलांच्या कातडीखाली व स्नायूंत रक्त साचू लागले, आणि काढलेले रक्त गोठण्यास विलंब लागू लागला. लिंबाच्या रसाने, म्हणजे आपल्या ‘क’ने, त्यांना गुण आला नाही. १९३५ साली डाम यांनी एका नव्या जीवनसत्त्वाची घोषणा केली व त्यास ‘के’ हे अक्षर दिले. इतर जीवनसत्त्वांसाठी न वापरलेले ते पहिले अक्षर होते, आणि डॅनिश व जर्मन लेखनपद्धतीत ‘कोआग्युलेशन’ हा शब्दही त्याच अक्षराने सुरू होतो, अशी दुहेरी सोय त्यांनी पाहिली. १९३९ मध्ये हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, तेही लसूणघासातून, जो आपल्याकडे गुरांपुढे टाकला जातो. त्याच सुमारास अमेरिकेत एडवर्ड डॉइसी यांनी कुजलेल्या माशांच्या भुकटीतून त्याचा दुसरा प्रकार मिळविला. १९४३ चे नोबेल पारितोषिक डाम व डॉइसी यांना विभागून मिळाले.

रोग मात्र या शोधापूर्वीच ओळखला गेला होता. बोस्टनचे चार्ल्स टाउनसेंड यांनी १८९४ साली ५० बालकांचे वर्णन करून हा विकार आनुवंशिक रक्तस्रावी रोगाहून निराळा असल्याचे दाखविले. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बेंबीतून, नाकातून वा शौचावाटे रक्त जाऊ लागे. जे मूल त्यातून तरे त्याला तो पुन्हा होत नसे. उपाय काय, तर दुसऱ्याचे रक्त. १९०८ साली न्यूयॉर्क येथे अलेक्सी कॅरेल यांनी पित्याच्या हाताची धमनी अशाच एका तान्ह्या मुलीच्या पायाच्या शिरेला शिवून तिला वाचविले होते. त्यानंतर अवघ्या ३१ वर्षांनी हेच काम एक-दोन मिलिग्रॅम द्रव्याने होऊ लागले.

हे द्रव्य नवजातालाच कमी का पडते, याची कारणे तीन आहेत. मातेच्या रक्तातून ते वारेच्या पलीकडे फारच थोडे पोहोचते; जन्मतः बाळाच्या आतड्यात ते निर्माण करणारे जंतू नसतात; आणि आईच्या दुधात ते लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच असते. यावरून आईचे दूध कमअस्सल आहे असा अर्थ काढणे गैर होय. त्या दुधाला पर्याय नाही. या एका बाबतीत त्याला जोड हवी, इतकेच.

यातील पहिले कारण चाळीसच्या दशकात नीटसे ध्यानात आले नव्हते, म्हणून प्रसूतीच्या वेळी मातेलाच हे जीवनसत्त्व देण्याची पद्धत पडली. प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासातील खरे वळण हेच आहे : उपाय मातेकडून बालकाकडे सरकला. हे वळण सुखाने पार पडले नाही. पाण्यात विरघळणारे कृत्रिम द्रव्य मोठ्या मात्रेत दिल्याने अपुऱ्या दिवसांच्या बालकांत तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते, प्रसंगी मेंदूस इजा पोहोचते, हे पन्नासच्या दशकात आढळले. तेव्हा मात्रा उतरली, नैसर्गिक ‘के-१’ पसंत ठरले, आणि १९६१ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने प्रत्येक नवजातास अर्धा ते एक मिलिग्रॅम देण्याची शिफारस केली. १९९२ साली ब्रिस्टल येथील एका अभ्यासाने या इंजेक्शनाचा बालपणीच्या कर्करोगाशी संबंध सुचविला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. मातेचा विचार तरीही संपत नाही. अपस्माराची काही औषधे किंवा क्षयावरील रिफॅम्पिसिन घेणाऱ्या मातेच्या बाळास पहिल्याच दिवशी रक्तस्राव होऊ शकतो. मेथी वा शेवग्याचा पाला बाळंतिणीस हितकर खराच. पण दुधातील ‘के’ ठळकपणे वाढावयास औषधी मात्राच लागते.

आता वऱ्हाडाकडे वळू. १९३९ साली बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. बाळंतपणे घरी, सुईणीच्या हातून होत. पाचवी पुजणे आणि सटवाईचे भय ही त्या पहिल्या आठवड्याची भाषा. रक्तस्रावाचा काळही नेमका हाच असल्याने त्या भयाचे मूळ या रोगात शोधण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण नाळेवाटे होणारा धनुर्वात याच सुमारास मुले नेई, आणि त्याचा वाटा निःसंशय मोठा होता.

घरी जन्मलेल्या मुलास हे इंजेक्शन मिळू शकते, हे महाराष्ट्रात गडचिरोलीने दाखविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजातसेवेचा जो प्रयोग केला, त्यात गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया पहिल्या दिवशी ‘के’ची मात्रा टोचीत. २०११ मध्ये घरी जाऊन नवजातसेवा देण्याची योजना देशभर आली व ‘आशा’ कार्यकर्ती ४२ व्या दिवसापर्यंत भेटी देऊ लागली. ‘के’ संबंधीच्या केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेने मात्र हे इंजेक्शन आरोग्यसंस्थांतील जन्माशी जोडले : एक मिलिग्रॅम मांडीत, आणि एक किलोहून कमी वजनाच्या बाळास अर्धा. बुलढाणा, चिखली, खामगाव येथे रुग्णालयात जन्मणाऱ्या मुलाला यात अडचण नाही. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या सातपुड्यालगतच्या वस्तीत घरी जन्मलेले मूल मात्र कोणी दवाखान्यात नेले तरच त्याला हे मिळणार. उशिरा होणारा रक्तस्राव दोन ते बारा आठवड्यांत येतो, म्हणजे भेटी संपल्यावरही. इंजेक्शन न मिळालेल्या मुलांत तो लाखात चार ते सात जणांना होतो असे युरोपातील आकडे सांगतात. पण त्यांतील निम्म्याहून अधिकांना तो मेंदूत होतो. तत्पूर्वी नाकातून वा बेंबीतून थोडे रक्त येऊन थांबले, तर ती सूचना असते.

ही सूचना कोणत्या शब्दांत सांगावी, हा प्रश्न भाषाभ्यासकाचाही आहे. जामोदच्या परिसरात निहाली बोलली जाते. तिचे मूळ कोणत्याही भाषाकुलात निश्चितपणे बसत नाही, हे कॉयपर यांच्या १९६२ च्या अभ्यासापासून विद्यार्थ्यांस परिचित आहे. तेथील मातेशी व्यवहार बहुधा मराठीत वा कोरकूत होतो, आणि त्या मराठीत ‘क’ व ‘के’चा भेद सांगण्यात अर्थ नाही. ‘रक्त गोठण्याचे इंजेक्शन’ हा शब्दप्रयोगही धोक्याचा वाटतो. रक्ताची गुठळी लोकांना माहीत आहे ती पक्षाघाताच्या व हृदयविकाराच्या संदर्भात, आणि तान्ह्या मुलाचे रक्त गोठवू द्यायला कोणती आजी तयार होईल? ‘बाळाचं रक्त वाहू नये म्हणून ही सुई’ एवढे म्हटले तर ते घाटावर आणि घाटाखाली दोन्हीकडे कळते.