डाव्या पायाची सुटी

छत्रपति संभाजीनगराहून, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेहून, वेरुळास निघालेली मोटार छावणी ओलांडून पडेगांवास आली म्हणजे शहर मागें राहूं लागतें. पुढें मिटमिटें जातें, दौलताबादचा किल्ला दिसूं लागतो, जुन्या वेशीच्या कमानींतून वाहनें एकामागून एक कशींबशीं पार होतात आणि खुलताबादचा घाट लागतो. अवघी तीस किलोमीटरांच्या आंतबाहेरची ही वाट; परंतु मोटारीची जी जी म्हणून परीक्षा घ्यावी ती सारी तिच्यावर होऊन जाते. मोकळा रस्ता आहे, गतिरोधक आहेत, वेशीपाशीं खोळंबलेली रांग आहे आणि शेवटीं चढण आहे. श्रावणांत घृष्णेश्वराच्या आणि भद्रा मारुतीच्या दर्शनास लोक लोटतात, त्या दिवसांत तर कित्येक वेळ पहिल्या गिअरच्या पलीकडे जाण्याचा प्रसंगच येत नाहीं. अशा वाटेनें जाऊन परत येईपर्यंत हांकणाराचा डावा पाय क्लच दाबून दाबून अगदीं शिणून जातो.

हा पाय मोकळा करावा, आणि तरीहि मोटारीचा तिखटपणा उणा होऊं नये, या इच्छेचा इतिहास बराच जुना आहे. १९०५ सालीं हर्मान फ्योटिंगर या जर्मन यंत्रज्ञानें द्रवाच्या प्रवाहाच्या द्वारें शक्ति एका चक्राकडून दुसऱ्या चक्राकडे नेण्याची युक्ति काढली. त्याच्या डोळ्यांपुढें मोटारी नव्हत्या, आगबोटी होत्या. पुढें त्याच तत्त्वाचा आधार घेऊन अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून क्लचचें पेडल काढून टाकलें. मात्र तेलांतून जातांना शक्तीचा कांहीं अंश वायां जातो. मोठ्या अमेरिकन एंजिनाला ही उधळपट्टी परवडत होती. छोट्या एंजिनाच्या मोटारीला ती परवडण्यासारखी नव्हती. म्हणून लहान आणि बिनक्लचची मोटार म्हणजे सुस्त मोटार, असा समज जगभर रूढ झाला, आणि पुष्कळ अंशीं तो खराहि होता. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडे मारुति झेनची तीन गतींची स्वयंचलित आवृत्ति निघाली, पण गर्दींतील सोय यापलीकडे तिच्याकडून कोणी फारशी अपेक्षा केली नाहीं.

दुसरीकडे १९७६ सालीं जर्मनींत गोल्फ जीटीआय निघाली, आणि मागें दार असलेल्या आंखूड कौटुंबिक गाडींत जोरकस एंजिन बसविण्याची प्रथा तिच्यामुळें सर्वत्र पसरली. या गाड्यांचा सारा अभिमान गिअरच्या दांड्यांत होता. योग्य क्षणीं गिअर बदलणें हीच हांकणाराची विद्या.

या दोन परंपरा एकत्र आणणारी कल्पना मात्र त्यांच्याहून जुनी निघाली. आडोल्फ केग्रेस हा फ्रेंच यंत्रज्ञ एके काळीं रशियाच्या झारच्या मोटारखान्यांत होता. १९३९ च्या सुमारास त्यानें दोन क्लचांची योजना मांडली. विषम गिअर एका क्लचाकडे, सम गिअर दुसऱ्याकडे. एक गिअर काम करीत असतां पुढचा आधींच सज्ज, आणि बदल म्हणजे केवळ एका क्लचानें सोडणें व दुसऱ्यानें धरणें. युद्ध आलें, १९४३ सालीं केग्रेस वारला, आणि ती कल्पना तशीच पडून राहिली. १९८० नंतर शर्यतीच्या पोर्शे व आउडी गाड्यांत तिचे प्रयोग झाले, आणि २००३ सालीं गोल्फ आर ३२ मधून ती बाजारांत आली. चांगल्या कल्पनेला इतकी वाट पाहावी लागावी याचें कारण असें कीं, दोन क्लचांना आज्ञा देणारा चपळ विद्युन्मेंदू केग्रेसच्या काळीं अस्तित्वांतच नव्हता.

महाराष्ट्रांत या गोष्टीचा प्रवेश झाला तो संभाजीनगरच्याच वाटेनें. शहराच्या पूर्वेस शेंद्रें येथें २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळविल्या जाऊं लागल्या. लॉरा या गाडीबरोबर दोन क्लचांची पेटी आली. पण ती गाडी मोठी आणि महाग होती. २००८ सालीं छोटी फाबिया निघाली, पण तिला गिअर हातानेंच टाकावे लागत. या शहराला मोटारींचें वेड नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. ऑक्टोबर २०१० मध्यें येथील मंडळींनीं एकत्र येऊन एकाच दिवशीं १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, सुमारें ६५ कोटी रुपयांच्या!

छोट्या गाडीचा योग मात्र पुण्याजवळच्या चाकणला होता. तेथील फोक्सवॅगनच्या कारखान्यांत पोलो तयार होत होती. एप्रिल २०१३ मध्यें तिची जीटी टीएसआय ही आवृत्ति आली: एंजिन अवघें ११९७ घनसेंटिमीटरांचें, परंतु टर्बोमुळें १०५ अश्वशक्तीचें, पेटी सात गतींची, दोन क्लचांची, किंमत सुमारें आठ लाख. शून्यापासून शंभराचा वेग ९.७ सेकंदांत गांठते असा कंपनीचा दावा होता. आज हे आंकडे कोणाला थक्क करणार नाहींत. परंतु तेव्हां मध्यमवर्गीय घराच्या आटोक्यांतली, बिनक्लचची आणि तरीहि तिखट अशी दुसरी छोटी गाडी येथल्या बाजारांत नव्हती.

मालकांचे अनुभव एकमेकांशीं बरेच जुळतात. पाय दाबल्यावर गाडी प्रथम क्षणभर विचार केल्यासारखी थबकते. मग दीड हजार फेऱ्यांच्या पुढें एंजिनाचा ओढा एकदम जाणवतो आणि गिअर केव्हां बदलला तें कांट्यावरूनच कळतें. ‘डी’ वर ठेवली तर पेट्रोल वांचविण्यासाठीं ती घाईनें वरच्या गिअरांत चढते, आणि कांहींसा आळस केल्यासारखी वाटते; दांडा ‘एस’ वर आणला कीं तीच गाडी ओळखूं येत नाहीं. घाटांत पुष्कळजण दांडा बाजूला सारून गिअर आपल्या हुकमतीखालीं घेतात. चढणीवर थांबून पुन्हां निघतांना गाडी मागें घसरत नाहीं, ही सोय तर नवशिक्याला वरदानच वाटते. मागचें बैठक तंग, हें सगळेच मान्य करतात. दार लागतांना होणारा भारदस्त आवाज आणि वेगांतली स्थिरता यांचें कौतुक करतांना मात्र ते थकत नाहींत. राहिला आपल्याकडचा सनातन प्रश्न: ‘ॲव्हरेज किती देते?’ सरकारमान्य आंकडा लिटरला १७.२ किलोमीटरांचा, गर्दींत मात्र तो पुष्कळ खालीं येतो, आणि त्याचें कारण गाडीपेक्षां उजव्या पायांत अधिक असतें.

सर्वांत गंभीर शंका होती ती त्या पेटीविषयीं. तिचे क्लच तेलांत बुडालेले नसून कोरडे असतात. त्यामुळें शक्ति वांचते. परंतु मुंगीच्या पावलानें सरकणाऱ्या रांगेंत ते सतत घसटत राहून तापतात. चीनमध्यें मार्च २०१३ मध्यें, म्हणजे पोलो जीटी येथें येण्याच्या एकच महिना आधीं, अशा पेट्यांच्या तक्रारींमुळें ३,८४,१८१ मोटारी परत बोलावाव्या लागल्या. येथल्या मालकांच्या मनांत ती धास्ती कायम राहिली. हमीची मुदत संपल्यावर पेटी बिघडली तर खर्च लाखांच्या घरांत, हा हिशेब प्रत्येकजण करीत असे. म्हणून अनुभवी माणसें सांगत कीं रांगेंत गाडीला इंचाइंचानें रेंगाळूं देऊं नये; पुढें पुरतें अंतर पडूं द्यावें, मग एकदम सोडावी. श्रावणी शनिवारीं दौलताबादच्या वेशीपाशीं हा उपदेश पाळणें म्हणजे मागच्यांचे कर्णे ऐकत बसणें होय.

हातानें गिअर टाकणारांनाहि आपला कैवारी मिळाला. पुण्याजवळच्याच रांजणगांवीं तयार झालेली फिआटची अबार्थ पुंतो २०१५ सालीं आली. तिची शक्ति १४५ अश्वशक्तीची, पण क्लच पायानेंच दाबायचा. दोन गाड्यांच्या भक्तांत वाद होत, आणि त्यांत दोन्ही पक्षांचें थोडें थोडें खरें असे. अबार्थवाले म्हणत, गिअर यंत्राच्या हातीं दिला तर हांकणें उरलें काय? पोलोवाले उत्तर देत, रोजच्या गर्दींत त्या हांकण्यानें सुख तरी काय मिळतें? ज्याचा डावा पाय अधू आहे, त्याच्या दृष्टीनें मात्र हा वाद उद्भवतच नाहीं. त्याला आजवर सुस्त गाडीवरच समाधान मानावें लागत होतें.

नोव्हेंबर २०१६ मध्यें खरी पोलो जीटीआय परदेशांतून आली: तीन दारें, १९२ अश्वशक्ति, किंमत २५.९९ लाख आणि गाड्या अवघ्या ९९. ती रस्त्यावर दिसण्यापेक्षां तिच्याविषयीं बोललेंच अधिक गेलें.

२०२० सालीं नव्या प्रदूषण-नियमांबरोबर पोलोचें एंजिन एक लिटरचें झालें, शक्ति ११० अश्वशक्तीची झाली, आणि दोन क्लचांची पेटी जाऊन तिच्या जागीं सहा गतींची, तेलाच्या प्रवाहावर चालणारी जुन्या तत्त्वाची पेटी आली. फ्योटिंगरनें केग्रेसवर मात केली म्हणावयाची! कित्येक जुन्या मालकांना नवीन गाडी किंचित मंद वाटली, पण निश्चिंतहि वाटली. २०२२ सालीं चाकणची पोलो बंद झाली. त्यानंतर जुनी जीटी विकावयास काढणारा मालक ग्राहकाला पडेगांवच्या पुढें फेरी मारावयास नेतो, तेव्हां ग्राहक आधीं वेगाविषयीं विचारीत नाहीं; पेटी कधीं उघडली होती काय, हें विचारतो.