मठारलेले घंगाळ : तळटीप

१७. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी ही पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची वस्ती. लेखकाने ‘ठोकून गोल केलेले’ एवढ्यावर भागवले आहे. पण ठोकण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या उलट. सपाट चकती ओंडक्यातल्या खळग्यावर ठेवून आतून हातोडा मारला, तर पत्रा ताणला जाऊन मधोमध पातळ होतो. तीच चकती लोखंडी टेकूवर पालथी घालून बाहेरून, फेर धरून ठोकत गेले, की घेर आत ओढला जातो आणि काठ जाडावतो. खोल भांड्याला ही दुसरी, वेळखाऊ रीतच मानवते.

मार खाऊन तांबे ताठरते. मग ते लाल होईतो तापवून पाण्यात बुडवायचे. पोलाद अशाने कडक होते, तांबे मात्र मऊच राहते. हा शेक चुकवून ठोकत राहिले तर काठाला चिरा जातात.

मठार हा शेवटचा हात : तोंड घासून आरशासारखे केलेल्या हातोड्याने लगतलगत, सारख्या जोराचे ठोके. लोक त्याकडे नक्षी म्हणून पाहतात, पण पत्र्याला मजबुती येते ती यानेच. चकाकी ही वरकमाई. यंत्राने उमटवलेले ठिपके फारच एकसारखे असतात, त्यावरून ते ओळखावेत. घंगाळ आंघोळीच्या पाण्याचे, त्यामुळे आतून कल्हई लागत नाही. — संपा.