लहान एंजिनाचा धडा

लहान चालतीं एंजिनें घरीं बनविण्याचा छंद ज्याला नव्यानेंच लागतो, त्याच्या वांट्यास बहुधा एक निराशा येते. मोठ्या यंत्राचे सर्व भाग प्रमाणशीर लहान करूनहि तें चालत नाहीं. अशा नवशिक्यानें पुढील हकीगत ध्यानांत ठेवावी.

१७६३-६४ च्या हिवाळ्यांत ग्लासगो विद्यापीठाचीं उपकरणें दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटकडे न्यूकमेनच्या वाफेच्या एंजिनाची प्रतिकृति आली. तिचा सिलिंडर २ इंच व्यासाचा होता. बॉयलर पुरेसा मोठा दिसे. तरी दट्ट्या थोड्या वेळां वरखालीं होतांच वाफ संपे. वॅटनें कारण शोधिलें. लांबी, रुंदी व उंची निम्मी केली, तर पृष्ठभाग चौथाई उरतो, पण आंतील जागा अष्टमांशच राहते. म्हणजे वाफेच्या मानानें धातूचा पृष्ठभाग अधिक. शिवाय प्रत्येक खेपेस सिलिंडरांत थंड पाणी सोडून वाफ निववीत. मग तो पुन्हां तापविण्यांतच पुष्कळ वाफ खर्ची पडे. हा अपव्यय मोठ्या एंजिनांतहि होताच. लहानानें तो उघड केला. १७६५ सालीं वॅटला वाफ निवविण्याचें स्वतंत्र पात्र सुचलें व १७६९ सालीं त्याचें पेटंट मिळालें.

पुढें १८९८ सालीं पर्सिव्हल मार्शल यांनीं लंडन येथें अशा हौशी कारागिरांसाठीं मासिकच सुरू केलें.

तेव्हां आपलें पहिलें एंजिन अडलें, तर तें अडगळींत टाकूं नये. तें कोठें व कां अडतें, हें शांतपणें पाहावें. पुष्कळदां खरा धडा तेथेंच असतो.