लेइगोंगतेंग

चिनी परंपरेतील संधिवातावरची वनस्पती. नावाचा अर्थ ‘मेघगर्जनेच्या देवाची वेल’. (शास्त्रीय नाव : ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डाय, कुल : सेलॅस्ट्रेसी). आपल्याकडची मालकांगोणी याच कुलातली. दक्षिण चीन व तैवानमध्ये ही वेल आढळते. पाने, फुले व मुळाची साल विषारी. म्हणून साल काळजीपूर्वक सोलून आतला गाभाच औषधात घेतात. मुळातील ट्रिप्टोलाइड हे द्रव्य १९७२ मध्ये वेगळे केले गेले. ते शरीराची अतिरेकी प्रतिकारक्रिया व सांध्यांचा दाह दडपते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आमवाताच्या रुग्णांना सल्फासॅलॅझिन या औषधापेक्षा मुळाच्या अर्काने अधिक गुण आला. मात्र अनेकांनी चाचणी अर्ध्यावर सोडली. पुरुषांत वंध्यत्व, स्त्रियांत पाळी बंद होणे, यकृत व मूत्रपिंडांना इजा हे धोके गंभीर आहेत. गर्भवतींनी ही वनस्पती मुळीच घेऊ नये. इतरांनीही वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नये.