नेटवर्कवरून लिनक्सचे स्वयंचलित इन्स्टॉलेशन : दोषशोध

या पद्धतीत यंत्राला ना पेनड्राइव्ह लावलेला असतो, ना कीबोर्डपाशी कोणी बसलेले असते. यंत्र नेटवर्क कार्डावरून बूट होते. भाषा कोणती, डिस्कचे भाग कसे पाडायचे, कोणती पॅकेजे घालायची, या प्रश्नांची उत्तरे ते आधी लिहून ठेवलेल्या फाइलीतून घेते. रेड हॅट आणि फेडोराच्या घराण्यात या फाइलीला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, सुसेमध्ये ऑटोयास्ट. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत 20.04 पासून ऑटोइन्स्टॉल आले. सन कंपनीच्या सोलारिसमधले जम्पस्टार्ट या सगळ्यांच्या आधीचे. प्रस्तुत नोंद मुख्यतः किकस्टार्टसंबंधी आहे आणि तीही ते अडते तेव्हाची. सुरळीत चालते तेव्हा त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नसते.

दोष शोधताना सर्वांत जास्त वेळ एका समजुतीपायी वाया जातो: संदेश जिथे दिसला तिथेच बिघाड आहे, ही ती समजूत. जुन्या काळी डाक टप्प्याटप्प्याला माणूस बदलत जाई, तसे हे काम आहे. आधी यंत्राचे फर्मवेअर जागे होते, ते बूटलोडर आणते, बूटलोडर कर्नल आणि इनिटआरडी आणतो, इनिटआरडी इन्स्टॉलरचा दुसरा टप्पा आणते, आणि मग अ‍ॅनाकोंडा हा इन्स्टॉलर उत्तरांच्या फाइलीप्रमाणे कामाला लागतो. डाकेची थैली कर्नलच्या हाती पडली, की फर्मवेअरचा नेटवर्कशी संबंध संपतो. कर्नल कार्ड आपल्या ड्रायव्हरने नव्याने चालू करतो आणि डीएचसीपी सर्व्हरकडे पत्ता पुन्हा मागतो. म्हणूनच ‘बूटलोडर आला त्याअर्थी नेटवर्क ठीक आहे’ हे अनुमान फसवे ठरते. फर्मवेअरसाठी नेटवर्क ठीक होते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

याचा सर्वांत बोलका पुरावा स्विचमध्ये मिळतो. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल चालू असलेल्या पोर्टवर जोडणी उठली, की स्विच ऐकण्यात 15 आणि शिकण्यात 15 असे 30 सेकंद घालवतो. तोवर कोणतीही रहदारी पुढे जात नाही. इंटेलने 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीएक्सई 2.1 या तपशिलात फर्मवेअरने पत्त्यासाठी 4, 8, 16 आणि 32 सेकंद अशी वाढती वाट पाहावी असे सांगितले आहे. म्हणजे धीर मोठा आहे. 30 सेकंदांचा खोळंबा त्यात निभावतो. मग कर्नल येतो, कार्ड पुन्हा चालू करतो, जोडणी क्षणभर पडते आणि स्विचचे 30 सेकंद पहिल्यापासून मोजायला लागतात. इनिटआरडीतला डीएचसीपी तितका वेळ थांबला नाही, तर पडद्यावर दिसते ते एवढेच, की किकस्टार्टची फाइल आणता आली नाही. माणूस ती फाइल उघडून एकेक ओळ तपासत बसतो, आणि फाइलीत काहीच चूक नसते. इलाज स्विचवर असतो: तो पोर्ट टोकाचा आहे असे जाहीर करणे, ज्याला सिस्कोच्या भाषेत पोर्टफास्ट म्हणतात. स्विच आपल्या ताब्यात नसेल, तर वाट पाहण्याची मुदत वाढवणारे पर्याय कर्नलच्या ओळीत देता येतात.

तेव्हा विचारायचा प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नाही. ‘थैली शेवटची कोणाच्या हाती नक्की पडली?’ हा आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा सर्व्हरच्या लॉगमध्ये असते. डीएचसीपीच्या लॉगमध्ये एकाच मॅक पत्त्याला किती वेळा पत्ता दिला ते मोजावे. एकदाच दिला असेल, तर फर्मवेअरपुढे कोणी पत्ता मिळवलेला नाही. दोनदा दिला असेल, तर कर्नल जागा झाला आहे आणि त्याचे कार्डही चालते आहे. फर्मवेअर मागणी करताना स्वतःची पीएक्सई ग्राहक अशी ओळख सांगते, इनिटआरडी तशी सांगत नाही. त्यामुळे कोणती मागणी कोणाची, याचा घोळ होत नाही. (दोघांची ओळख वेगळी असल्याने एकाच यंत्राला दोन वेगळे पत्तेही मिळू शकतात. आयपी पत्त्यावर बेतलेले नियम अशा वेळी गुपचूप निकामी होतात.) आयपीएक्सई वापरणाऱ्यांच्या मोजणीत एक मागणी वाढते, आणि त्यांना हेच वेगळ्या रूपात भेटते. फर्मवेअर आयपीएक्सई आणते, आयपीएक्सई पुन्हा पत्ता मागते, सर्व्हर पुन्हा तिलाच आयपीएक्सईची फाइल दाखवतो, आणि चक्र थांबतच नाही. विचारणारा कोण हे ओळखून सर्व्हरने निराळे उत्तर दिले, की ते सुटते.

लॉगही वाचता यावा लागतो. पीएक्सलिनक्स हा बूटलोडर आपली मांडणीची फाइल शोधताना आधी यंत्राच्या यूयूआयडीच्या नावाने विचारतो, मग मॅक पत्त्याच्या, मग आयपी पत्त्याच्या षोडशमान पद्धतीतल्या आठ अक्षरी रूपाच्या. 192.168.10.25 असेल तर सी0ए80ए19. मग शेवटून एकेक अक्षर गाळत जातो आणि अखेर डीफॉल्ट मागतो. म्हणजे अगदी निरोगी यंत्रसुद्धा टीएफटीपीच्या लॉगमध्ये ‘फाइल सापडली नाही’ अशा दहा नोंदी सोडून अकराव्या प्रयत्नात यशस्वी होऊ शकते. त्या दहा नोंदी दोषाच्या नाहीत. अकरावी नसणे हा दोष आहे. टीएफटीपीच्या आणखी दोन खोडी लक्षात ठेवाव्यात. मागणी 69 क्रमांकाच्या पोर्टवर येते, पण प्रत्यक्ष फाइल दुसऱ्याच पोर्टवरून जाते, म्हणून फायरवॉलमध्ये केवळ 69 उघडून भागेलच असे नाही. दुसरे असे, की तुकड्याचा क्रमांक 16 बिटांचा आणि मूळ तुकडा 512 बाइटांचा. क्रमांक संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची सोय दोन्ही बाजूंना नसेल, तर सुमारे 32 मेगाबाइटांवर गाडी थांबते. आजच्या इनिटआरडी यापेक्षा बऱ्याच मोठ्या असतात.

पुढच्या टप्प्यात चूक बहुधा जोड्या न जुळण्याची असते. टीएफटीपीच्या डिरेक्टरीत कर्नल आणि इनिटआरडी कोणीतरी एकदा ठेवलेली असतात. पॅकेजांचे भांडार मात्र मधल्या काळात पुढच्या आवृत्तीवर गेलेले असते. मग जुना कर्नल नव्या मॉड्यूलांशी जुळत नाही, आणि डिस्क किंवा कार्ड दिसत नसल्याची तक्रार उमटते. डेबियनचा इन्स्टॉलर निदान ही विसंगती स्पष्ट शब्दांत सांगतो. स्मृतीची कमतरताही असाच वेश पालटते. नेटवर्कवरून आणलेला दुसरा टप्पा रॅममध्येच उतरतो, म्हणून 2 गिगाबाइटांच्या आभासी यंत्रावर ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो आणि माणूस रिकामी डिस्क निरखत बसतो. घड्याळाचेही तसेच. मदरबोर्डवरची बॅटरी संपून तारीख मागे गेली, की एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारले जाते, आणि संशय वेब सर्व्हरवर जातो.

उत्तरांच्या फाइलीचे दोष खरेच फाइलीत असतात तेव्हाही ते अनेकदा मजकुरात नसून तिच्या प्रवासात असतात. यशस्वी इन्स्टॉलेशननंतर अ‍ॅनाकोंडा रूटच्या घरात नमुन्याची फाइल ठेवतो. ती केवळ रूटला वाचता येते. तीच ‘एमव्ही’ने वेब सर्व्हरच्या डिरेक्टरीत हलवली, तर जुन्या परवानग्या आणि एसई-लिनक्सची जुनी खूण तिच्यासोबत जाते, आणि वेब सर्व्हर तिला हात लावू शकत नाही. उबुंटूत माहितीचा स्रोत सांगणाऱ्या पर्यायात अर्धविराम असतो. ग्रबच्या दृष्टीने अर्धविराम म्हणजे आज्ञेचा शेवट. अवतरणचिन्ह न घातल्यास पत्त्याचा भाग तिथेच गळतो, आणि इन्स्टॉलर निमूटपणे माणसाला प्रश्न विचारू लागतो. डेबियनमध्ये भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न नेटवर्क सुरू होण्याआधी येतात, म्हणून त्यांची उत्तरे नेटवर्कवरच्या फाइलीत असूनही नसल्यासारखी. ती कर्नलच्या ओळीत द्यावी लागतात किंवा ‘ऑटो’ पर्यायाने ते प्रश्न पुढे ढकलावे लागतात. रेड हॅटने 7 व्या आवृत्तीत इन्स्टॉलरच्या पर्यायांना ‘इन्स्ट.’ हा उपसर्ग दिला आणि 9 व्या आवृत्तीत उपसर्गाविना चालणे बंद केले. वर्षानुवर्षे चाललेली ओळ त्या दिवशी अर्थहीन झाली. केएस-व्हॅलिडेटर हे साधन फाइलीचे व्याकरण तपासते. यातली एकही गोष्ट त्याला दिसू शकत नाही.

यावर आक्षेप असा, की पडद्यावरचा शेवटचा संदेशही पुराव्यातच जमा होतो. तो बाजूला का सारायचा? सारू नये. थैली कोणापाशी रिकामी निघाली हे तो सांगतो. ती कुठे फाटली हे सांगत नाही, एवढेच. अ‍ॅनाकोंडा सुरू झाल्यावर तर त्याचे लॉग दुसऱ्या कन्सोलवर आणि टीएमपी डिरेक्टरीत मिळतात, आणि तिथपासून पुढे यंत्राची साक्ष सर्व्हरपेक्षा सरस ठरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढी उठाठेव करण्यापेक्षा तयार प्रतिमा डिस्कवर उतरवावी. मोठ्या प्रमाणावर तसे केलेही जाते. पण प्रतिमा नेटवर्कवरून उतरवायची तर पहिले टप्पे तेच राहतात, आणि वर नवे दोष येतात. यंत्राची ओळख सांगणारी मशीन-आयडी फाइल पुसायची राहिली, तर उबुंटूच्या पाच प्रती डीएचसीपीकडे एकाच नावाने जाऊन एकाच पत्त्यावर भांडू शकतात. तिसरा आक्षेप, की 2015 च्या यूईएफआय 2.5 पासून फर्मवेअर एचटीटीपीवरून बूट करू शकते, मग टीएफटीपीचे रडगाणे कशाला? टीएफटीपीपुरते ते खरे आहे. कर्नलने पत्ता पुन्हा मागणे मात्र त्याने टळत नाही.

इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्याचा संदेश हाही याच संशयाने वाचावा. किकस्टार्टच्या ‘पोस्ट’ भागातली स्क्रिप्ट मध्येच पडली, तरी ‘एरर-ऑन-फेल’ दिलेले नसेल तर इन्स्टॉलर पुढे जातो आणि यंत्र अर्धवट मांडणीनिशी सुरू होते. त्या भागाचा लॉग फाइलीत जाईल असे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावे. त्याहून वाईट अवस्था बूटचा क्रम नेटवर्कपासून सुरू होणाऱ्या यंत्राची. ते रीबूट होते, पुन्हा सर्व्हरकडे जाते आणि नुकतीच बसवलेली लिनक्स पुसून पहिल्यापासून बसवू लागते. कॉब्लर आणि फोरमनसारखी साधने एकदा काम झाले की त्या यंत्राला स्थानिक डिस्ककडे वळवतात. हाताने उभारलेल्या सर्व्हरवर ती सोय आपणच करावी लागते. किकस्टार्टमध्ये ‘क्लीअरपार्ट’ला ‘ऑल’ जोडलेले असेल आणि यंत्राला सामायिक साठवण जोडलेली असेल, तर त्या साठवणीचे विभाग पुसण्यापूर्वी कोणी विचारणार नाही, कारण न विचारणे हेच त्या फाइलीचे काम आहे. ‘इग्नोअरडिस्क’च्या ओळीत नेमक्या डिस्कचे नाव घालणे हा त्यावरचा उपाय, आणि तो पहिल्या चाचणीच्या आधी करायचा असतो.