फ्लॉरिडा–मिशिगन प्रतिनिधी वाद (२००८)

अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीच्या लढतीत फ्लॉरिडा आणि मिशिगन या राज्यांचे प्रतिनिधी मोजायचे की नाही, आणि मोजायचे तर कोणाच्या खात्यात, यावरून झालेला वाद. बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यातली चुरस जूनपर्यंत लांबल्याने, एरवी कागदोपत्री मिटली असती अशी ही तक्रार पक्षाच्या निवडपद्धतीच्या मुळाशी जाऊन भिडली.

या पद्धतीत मतदार उमेदवार थेट ठरवत नाहीत. प्राथमिक निवडणूक (प्रायमरी) किंवा कॉकसमधून राज्याराज्यांचे प्रतिनिधी ठरतात आणि राष्ट्रीय अधिवेशनात बहुमत मिळवणारा पक्षाचा उमेदवार होतो. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधींची वाटणी मतांच्या प्रमाणात होते. वाटा मिळण्यासाठी किमान १५ टक्के मते लागतात. बहुतेक प्रतिनिधी मतदारसंघनिहाय वाटले जात असल्याने मते आणि प्रतिनिधी यांचा मेळ नेहमी बसत नाही. चार प्रतिनिधींच्या मतदारसंघात दोघांत लढत असेल, तर ६२ टक्के मते घेणाऱ्यालाही दोनच प्रतिनिधी मिळतात. नेव्हाडात क्लिंटन जिंकल्या, पण राष्ट्रीय प्रतिनिधी ओबामांना १३ आणि त्यांना १२ मिळाले, ते याच कारणाने. याखेरीज सुमारे ८०० ‘सुपरडेलिगेट’ होते. पक्षाचे खासदार, गव्हर्नर आणि पदाधिकारी असलेले हे प्रतिनिधी कोणाशीही बांधील नव्हते आणि मत कधीही बदलू शकत होते. त्यामुळे वृत्तसंस्थांच्या बेरजाही एकमेकींशी जुळत नसत.

आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेव्हाडा आणि साउथ कॅरोलायना ही चार राज्ये सोडून कोणीही ५ फेब्रुवारी २००८ पूर्वी मतदान घेऊ नये, असा पक्षाचा नियम होता. उमेदवारांचे आणि माध्यमांचे लक्ष आरंभीच्या राज्यांवरच खिळते, ही मोठ्या राज्यांची जुनी तक्रार. फ्लॉरिडाने २९ जानेवारी ही तारीख ठरवली, मिशिगनने १५ जानेवारी. फ्लॉरिडाचे विधिमंडळ रिपब्लिकनांच्या ताब्यात होते आणि तारखेची तरतूद कागदी मतपत्रिकांच्या विधेयकातच होती, असा बचाव तिथल्या डेमोक्रॅट नेत्यांनी केला. पण त्यांच्या बहुतेक आमदारांनी त्याच विधेयकाला मत दिले होते. मिशिगनच्या गव्हर्नर तर डेमोक्रॅटच होत्या. नियमात अशा उल्लंघनाला आपोआप लागू होणारी शिक्षा निम्मे प्रतिनिधी कापण्याची होती. राष्ट्रीय समितीच्या नियम व उपविधी समितीने मात्र २००७ मध्ये दोन्ही राज्यांचे सर्वच प्रतिनिधी रद्द केले. पुढच्या गुंत्याचे मूळ या अतिरेकात आहे. रिपब्लिकन पक्षाने निम्मीच कपात केली आणि त्यांच्याकडे असा पेच उभा राहिला नाही.

या दोन राज्यांत प्रचार करणार नाही, असे वचन डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रमुख उमेदवारांनी दिले. फ्लॉरिडाच्या मतपत्रिकेवर सर्वांची नावे राहिली. क्लिंटन यांना सुमारे ५० टक्के, ओबामांना ३३ टक्के आणि जॉन एडवर्ड्स यांना १४ टक्के मते पडली. मिशिगनमध्ये ओबामा आणि एडवर्ड्स यांनी नावे मागे घेतली, क्लिंटन यांनी घेतले नाही. त्यांना सुमारे ५५ टक्के, तर ‘कोणाशीही बांधील नाही’ या पर्यायाला ४० टक्के मते मिळाली. मतपत्रिकेवर ओबामांचे नाव हाताने लिहिणाऱ्यांची मते मोजलीच गेली नाहीत. पुन्हा मतदान घेण्याचे प्रयत्न मार्चमध्ये फसले.

क्लिंटन गटाचे म्हणणे, लाखो मतदारांचा कौल फेकून देता येणार नाही. ओबामा गटाचे म्हणणे, खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येणार नाहीत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, दोन्हींमागे स्वार्थही होता. क्लिंटन यांचे सल्लागार हॅरॉल्ड इकिस यांनी समितीचे सदस्य म्हणून आधी शिक्षेच्याच बाजूने मत दिले होते. एकूण मतांत आपण पुढे आहोत हा क्लिंटन यांचा दावा मिशिगनमध्ये ओबामांना शून्य मते धरली तरच टिकत होता.

३१ मे २००८ रोजी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात समितीची बैठक झाली. फ्लॉरिडाचे सर्व प्रतिनिधी स्वीकारून प्रत्येकाला अर्धे मत द्यावे, हे २७ विरुद्ध ० मतांनी ठरले: क्लिंटन ५२.५, ओबामा ३३.५, एडवर्ड्स ६.५. मिशिगनवर मात्र समिती फुटली. मतमोजणीप्रमाणे क्लिंटन यांचे ७३ आणि अबांधील ५५ होत. ओबामा गटाला ६४–६४ अशी समान वाटणी हवी होती. राज्य शाखेने ६९–५९ हा मधला आकडा सुचवला आणि तो १९ विरुद्ध ८ मतांनी मान्य झाला, इथेही अर्ध्या मतांनी. इकिस यांनी तीव्र विरोध केला आणि या एका मुद्द्यावर त्यांची बाजू भक्कम होती. अबांधील मते मतपत्रिकेवर नसलेल्या उमेदवाराला देणे आणि वर दुसऱ्या उमेदवाराचे चार प्रतिनिधी काढून घेणे याला कोणत्याही मोजणीचा आधार नव्हता. ती तडजोड होती आणि तिला गणिताचे रूप दिले गेले. सभागृहातल्या क्लिंटन-समर्थकांनी ‘डेन्व्हर, डेन्व्हर’ अशा घोषणा देत हा वाद तिथल्या अधिवेशनापर्यंत नेण्याची धमकी दिली.

निकाल मात्र बदलला नाही. या निर्णयाने क्लिंटन यांची ओबामांच्या तुलनेतली पिछाडी २४ मतांनी घटली आणि बहुमताचा आकडा २,११८ झाला. ३ जूनला माँटॅना आणि साउथ डकोटा इथल्या अखेरच्या मतदानाच्या दिवशी ओबामांनी तो ओलांडला. ७ जूनला क्लिंटन यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनाआधी, ओबामांच्याच विनंतीवरून, दोन्ही राज्यांना पूर्ण मते परत देण्यात आली.

असा तंटा पक्षाला नवा नव्हता. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात जिंकलेल्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांचे राज्याच्या नियमाने मिळालेले सर्व २७१ प्रतिनिधी वादात सापडले होते. छाननी समितीने त्यांतले १५१ काढून घेतले आणि मायामी बीचच्या अधिवेशनाने ते परत दिले. पुढे सुपरडेलिगेटांचा अधिवेशनातल्या पहिल्या फेरीतला निर्णायक मताधिकार २०१८ मध्ये काढून घेण्यात आला. मतदानाच्या क्रमाचा प्रश्न २०२४ मध्ये पुन्हा पेटला. त्या वेळी नियम मोडून लवकर मतदान घेणारे राज्य न्यू हॅम्पशायर होते, आणि मिशिगनला पक्षाने स्वतःच आरंभीच्या राज्यांत जागा दिली होती.