४२९४९६७२९७ (संख्या)

४२९४९६७२९७ (चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव) ही एक विषम नैसर्गिक संख्या आहे. २ च्या ३२व्या घातात १ मिळवल्यास ती मिळते.

इतिहास

२ च्या १, २, ४, ८, १६, ३२... या घातांत १ मिळवून येणाऱ्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. त्यांपैकी पहिल्या पाच (३, ५, १७, २५७, ६५५३७) मूळ संख्या आहेत. त्यावरून अशा सर्वच संख्या मूळ असाव्यात, असे अनुमान फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये मांडले. ४२९४९६७२९७ या सहाव्या संख्येस ६४१ ने निःशेष भाग जातो, हे लिओनार्ड ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवल्याने ते खोटे ठरले.

गुणधर्म

* मूळ अवयव: ६४१ × ६७००४१७.
* मूळ विभाजक ६४ च्या पटीहून १ ने मोठाच असावा लागतो. त्यामुळे १९३, २५७, ४४९ आणि ५७७ तपासल्यानंतर लगेच ६४१ येते.
* सर्व विभाजकांची बेरीज ४३०१६६८३५६ आहे.
* ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६ व १ यांचे वर्ग, तसेच ६२२६४ व २०४४९ यांचे वर्ग.
* पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार हिच्यापेक्षा २ ने लहान, म्हणजे ४२९४९६७२९५ आहे. तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपास वापरून काढणे तत्त्वतः शक्य आहे. ४२९४९६७२९७ बाजूंचा मात्र काढता येत नाही.

पहिल्या पाचांखेरीज एकही मूळ फर्मा संख्या अद्याप सापडलेली नाही. तशी संख्या अस्तित्वात आहे की नाही, हा प्रश्न अनिर्णित आहे.